नदीतले शिंपले: मोठे दिसतात, पण पिल्लं कुठे आहेत?

वाळवा तालुक्यातल्या तुमच्या गावाचं तुम्ही विचारलंय. लहानपणी कृष्णेत उतरलं की पायाखाली जिवंत शिंपले लागायचे, आता नुसती रिकामी कवचं सापडतात. याला शेती कारण आहे का, आणि दुसऱ्या नदीतून आणून सोडले तर पुन्हा होतील का? मी कृष्णाकाठचीच. आमचाही नदीकडेला ऊस आहे, आणि बरीच वर्षं उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी तळ चाळून बघते. त्या अनुभवावरून लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: आणून सोडू नका. का ते कळायला शिंपला वाढतो कसा हे बघावं लागतं, आणि शेतीचा संबंधही तिथूनच उलगडतो.

मादी आपली अंडी स्वतःच्या कल्ल्यांतच सांभाळते. त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा अळ्या होतात, आणि त्या ती पाण्यात सोडते. या अळीला एकटीला जगता येत नाही. तिला माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही दिवस, कधी काही आठवडे काढावे लागतात. तिथे तिचा छोटा शिंपला होतो, मग तो गळून तळाला पडतो. बहुतेक अळ्यांना मासा मिळतच नाही आणि त्या मरतात, म्हणून मादी त्या इतक्या मोठ्या संख्येने सोडते. शिंपल्याला पोहता येत नाही. प्रवाहाविरुद्ध वर जायची त्याची एकच वाट, ती म्हणजे मासा. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात तेव्हा त्यांच्या अंगावर शिंपल्यांची पुढची पिढीही वर जात असते. ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावून चढणीचा मासा सरसकट मारला, की माशाबरोबर शिंपलाही संपतो.

माशावरून पडलेलं पिल्लू तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतं. ते सुरुवातीचा काळ वाळूत गाडून घेऊन राहतं आणि वाळूच्या कणांमधून जे पाणी झिरपतं त्यावर श्वास घेतं. त्या फटी काळ्या चिकण मातीने बुजल्या की ते गुदमरतं. मोठा शिंपला मात्र पाणी बिघडलं की कवच मिटून घेतो आणि तासन्‌तास, कधी काही दिवस तसाच तग धरतो. म्हणजे वाईट पाण्यात पिल्लं मरतात आणि म्हातारे उरतात. आपण म्हणतो, "आहेत की अजून शिंपले." स्कॉटलंडकडच्या नद्यांत शंभराहून अधिक वर्षं जगणारा एक मोत्याचा शिंपला आहे. तिथल्या कितीतरी नद्यांत आज फक्त जुनेच उरलेत, पिल्लं नाहीत. नदी भरलेली दिसते, पण वंश थांबलेला असतो. आपले शिंपले इतके जगत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर उघडं पडतं. तुम्हाला सापडतात ती रिकामी कवचं बहुधा त्या शेवटच्या पिढीची आहेत.

आता शेती. हो, कारण आहे. एकटी नाही, पण मोठं कारण आहे.

पहिलं, माती. पूर्वी मळईच्या वरच्या अंगाला करंज, वाळुंज, वाळा असायचा. आता नांगर थेट दरडीपर्यंत जातो, कारण ऊस एक सरी जास्त बसतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की उघड्या रानातली माती तशीच नदीत उतरते. मोठ्या पुराचा लोंढा तळ धुऊन नेतो, पण पूर ओसरल्यावर आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात ती बारीक माती खाली बसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) पावसाळा संपताना घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळे माशांची वाट कायमची बंद होत नाही हे खरं, पण वर्षाचे सात-आठ महिने वाहती नदी तळ्यांची माळ होते. वाळूवर बोटभर साय धरल्यासारखा गाळ बसतो. त्यातच बरगे घातल्यावर खालचं पाणी झपकन उतरतं आणि कडेचे शिंपले उघडे पडतात. ते पाण्यामागे सरकायला बघतात. वाळूत त्यांची लांबलचक रेघ उमटते आणि रेघेच्या टोकाला उन्हात उघडून पडलेला शिंपला. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी पोटात कालवतं.

दुसरं, युरिया. याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. युरिया पाण्यात आणि मातीत विघटित होऊन अमोनिया तयार होतो. माशांना जेवढा अमोनिया सोसतो तेवढा शिंपल्याच्या पिल्लाला सोसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ साली नद्यांमधल्या अमोनियाची मर्यादा कडक केली ती मुख्यतः गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांमुळेच. सामू (पीएच) ७ आणि तापमान २० अंश असेल तर महिन्याच्या सरासरीने लिटरला अमोनियातलं १.९ मिलिग्रॅम नत्र, ही ती मर्यादा. पाणी जितकं अल्कधर्मी आणि कोमट, तितका अमोनिया जहाल. सामू ८ आणि तापमान २५ अंश धरलं तर तीच मर्यादा साधारण ०.५६ वर येते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पाण्याला हेच आकडे जवळचे. ४५ किलोच्या एका पोत्यात वीस किलोंच्या वर नत्र असतं. त्यातलं एक किलो जरी पाण्यात गेलं तरी सतरा-अठरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवायला ते पुरतं. वाहत्या कृष्णेत ते पातळ होतं. पण मे महिन्यात ओढ्याच्या डोहात पाणी असतं किती? आणि आपण काय करतो, युरिया फोकतो, वरून पाट सोडतो, आणि सरीच्या शेवटी जादा पाणी ओढ्याला काढून देतो.

द्राक्षपट्ट्यातून येणारे ओढे असतील तर तांब्याचंही बघा. बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशक फवाऱ्यांमधलं तांबं शिंपल्याच्या अळीला फार थोड्या प्रमाणातही घातक असतं. पोटॅश तर शिंपल्यांना इतकं मारक की २००६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका खाणीच्या तळ्यात घुसलेले परके झेब्रा शिंपले पोटॅश ओतूनच संपवले. आपल्या रानातून एवढं पोटॅश नदीत जात नाही, हेही सांगायला हवं.

क्षारपड जमिनीत जमिनीखालून पाइप टाकून निचरा करतात. त्याने रान सुधारतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या पाइपांतून मीठ आणि नत्र थेट ओढ्यात येतं, आणि तिथे ना गवत आहे ना दलदल, मध्ये थांबवणारं काहीच नाही.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. गावांचं सांडपाणी, मळीचं पाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाळूउपसा हे आहेच. वाळू काढली की शिंपल्याचं घरच उचललं जातं, मग पाणी कितीही स्वच्छ असो. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत शिंपल्यांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. २०२३ साली तिथल्या सरकारने नामशेष म्हणून संरक्षित यादीतून ज्या जाती काढल्या, त्यांत आठ शिंपल्यांच्या होत्या. धरणं, गाळ आणि शेतातून येणारं पाणी हीच तिथलीही मोठी कारणं.

आता आणून सोडण्याबद्दल. ज्या पाण्यात पिल्लू जगत नाही, तिथे शंभर मोठे शिंपले सोडले तरी काही वर्षांनी शंभर कवचं मिळतील. शिवाय जिथून आणाल ती नदी रिकामी होईल. मोतीशेतीसाठी नदीतून पोत्यांनी शिंपले उचलतात तेव्हाही हेच होतं.

त्याऐवजी आधी शोधा. मे महिन्यात, गुडघाभर पाण्यात, वाळू आहे अशा वळणावर किंवा ओढा मिळतो त्या तोंडाशी. गहू चाळायची चाळण घ्या, हाताने वरची वीतभर वाळू त्यात घ्या आणि पाण्यातच हलवा. गेल्या मे महिन्यात मी दोन तास चाळलं. अकरा जिवंत मिळाले, काळपट हिरव्या पाठीचे, जड. सगळ्यात लहानही माझ्या मधल्या बोटाएवढा होता. नखाएवढा एकही नाही. मी तिथेच बसून राहिले. तुम्हाला नखाएवढे मिळाले तर तुमचं वळण अजून जिवंत आहे, मग ते राखणं हेच पहिलं काम.

राखायचं कसं, तर आमच्या घरी जे चालतं ते सांगते. नदीकडच्या दोन सऱ्या सोडून दिल्या, तिथे वाळा आणि करंज लावलाय. तिसऱ्या वर्षापासून दरड ढासळायची थांबली. युरिया फोकत नाही, पहारीने भोक पाडून मुळाशी देतो. मजूर जास्त लागतात, खत कमी लागतं. पाचट जाळत नाही, सरीत पसरतो. सरीचं शेवटचं पाणी ओढ्याला न काढता खालच्या गवतात सोडतो. बरगे घालायचा आणि काढायचा दिवस मात्र एकट्याने ठरत नाही. आमच्याकडे त्यासाठी पाणीवाटपाच्या बैठकीत मी दोनदा बोलले. एकदम सगळे न टाकता दोन-तीन दिवसांत टाका, एवढंच मागणं होतं. यंदा ऐकलं.

आणि हो, चाळताना जे जिवंत मिळतील ते कडेला फेकू नका. जिथून काढले तिथेच, वाळूत हलकी खाच करून, ज्या बाजूने मांसल पाय बाहेर येतो ती बाजू खाली ठेवून लावा. थोडा वेळ थांबा. तो हळूहळू स्वतःच आत सरकतो.