मोकळ्या कुरणातल्या कोंबडीचं अंडं खरंच जास्त पौष्टिक असतं का?

तुम्ही विचारलंय की पिंजऱ्यातल्या आणि मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत खरा फरक असतो, की सगळा जाहिरातीचा खेळ? मी हौसेने थोड्या कोंबड्या पाळतो. फरक असतो, पण तो बलकात शोधायचा.

प्रथिनांसाठी जास्त पैसे मोजत असाल तर मोजू नका. कोंबडी कुठेही राहो, एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. आतून पिल्लू घडायचं असतं ना, त्या सामानात ती काटकसर करत नाही. खाद्य निकृष्ट असेल तर अंडी लहान होतात किंवा कमी मिळतात, एवढंच.

बलकातली चरबी आणि त्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मात्र कोंबडीने काय खाल्लं त्यावर ठरतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. कुरणात चरलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत ई जीवनसत्त्व पिंजऱ्यातल्यांच्या दुप्पट आणि एकूण ओमेगा-3 (माशांत भरपूर असणारी उपयोगी चरबी) अडीच पट निघालं. अर्थात मुळातला आकडाच लहान, त्यामुळे अंडी खाऊन माशांची जागा भरून निघेल असं समजू नका.

मला सगळ्यात गंमत वाटते ती ड जीवनसत्त्वाची. अंगभर पिसं असताना ऊन लागतं कुठे? पायांना! पायांच्या उघड्या कातडीत ते तयार होतं आणि बलकात उतरतं. जर्मनीत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ते कोंडलेल्यांच्या तिप्पट-चौपट आढळलं. शेडला काचेच्या मोठ्या खिडक्या असल्या तरी उपयोग नाही, त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. एकदा पावसामुळे माझ्या कोंबड्या बरेच दिवस खुराड्यातच होत्या, तेव्हा मी खाद्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या चुरून घातल्या. दहाएक दिवसांत बलक गडद केशरी! घरी आलेले पाहुणे म्हणाले, “मोकळ्या कोंबडीची चवच न्यारी.” मी गप्प बसलो. कवचाचा तपकिरी-पांढरा रंग तर जातीवर असतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही.

आता खोक्यावरच्या ‘मुक्त संचार’ या शब्दांबद्दल. युरोपीय संघाच्या नियमात त्यासाठी दर कोंबडीमागे 4 चौरस मीटर बाहेरची जागा लागते. पण जागा असणं वेगळं आणि कोंबडीने तिथे जाणं वेगळं. ही जात मुळात रानकोंबड्यांची, उघड्या माळावर तिला घारीची धास्ती. झाडझुडूप नसेल तर बऱ्याच जणी दारापाशीच घुटमळतात, तिथलं गवत उकरून जमीन उघडी करतात आणि पोट भरतात ते शेडमधल्याच दाण्याने. अशा अंड्यात कुरणाचं काय उतरणार? उलट जवस खाणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं ओमेगा-3 मध्ये त्याच्या पुढे जाऊ शकतं. (कोंबडीच्या हालांचा मुद्दा वेगळा. पिंजरा मला पटत नाही, पण तुमचा प्रश्न पोषणाचा आहे.)

म्हणून विकणाऱ्याला विचारा: कोंबड्या दिवसातून किती वेळ बाहेर असतात, तिथे हिरवं गवत उरलंय का, आणि खाद्यात काय असतं? स्वतः पाळणार असाल तर जमीनही बघा. जुना रंग, भंगार किंवा कचरा जाळल्याची राख जिथे पडली असेल तिथे कोंबड्या सोडू नका. त्या माती उकरत खातात आणि तिथलं शिसं बलकापर्यंत पोचतं.