फोटो पाठवला म्हणजे हक्क दिला असं नव्हे : समाजमाध्यमं आणि कायदा

या वेळच्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. एकदा 'हो' म्हटलं की ते सगळ्यांसाठी आणि कायमचं, असं लिहिणाऱ्यांनी धरून चाललंय, आणि त्यांना त्रास देणाऱ्यांनीही. आपला कायदा तसं मानत नाही. पत्रांतली नावं-गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : कॉलेजमध्ये असताना ज्याच्याशी संबंध होते त्याला मी स्वतःच काही खासगी फोटो पाठवले होते. आता माझं लग्न ठरलंय. 'लग्न मोडलं नाहीस तर हे फोटो तुझ्या सासरी पाठवीन', असं तो धमकावतोय. फोटो मीच पाठवलेले; मग तक्रार कुठल्या तोंडाने करू? घाबरून मी सगळं चॅट पुसलं आणि त्याला ब्लॉकही केलं.

उत्तर : ताठ मानेने करा. तुम्ही गुन्हा केलेला नाही, तो करतोय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचं स्पष्टीकरण तुमच्यासारख्या प्रसंगासाठीच आहे : फोटो काढायला स्त्रीची संमती होती, पण तो इतरांना दाखवायला नव्हती, तरी तो पसरवणं हा गुन्हाच. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान १ आणि कमाल ३ वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष कुणाच्याही खासगी अंगाचं चित्र संमतीविना प्रसिद्ध करण्याला लागू होतं.

आणि त्याने अजून काही पसरवलेलं नसलं, तरी तक्रार करण्यासाठी त्याची वाट पाहत बसू नका. धमकी हाच स्वतंत्र गुन्हा आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर चिखल उडवण्याची धमकी देणाऱ्याला कलम ३५१ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उद्या त्याने पैसे मागितले, तर खंडणीचं कलम ३०८ येतं.

आता पुसलेल्या चॅटबद्दल. तुमच्या बाजूने पुसलं म्हणजे सगळीकडून गेलं, असं नाही. तुमच्या फोनच्या बॅकअपमध्ये ते असू शकतं, त्याच्या फोनवरही असू शकतं, आणि तपासात पोलीस तो फोन जप्त करू शकतात. पण इथून पुढे एकही गोष्ट पुसू नका. फोन रीसेट करू नका, बदलू नका, विकू नका. तो दुसऱ्या नंबरवरून किंवा नव्या खात्यावरून बोलला, तर नंबर, तारीख, वेळ आणि खात्याची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, शिवाय स्क्रीन रेकॉर्डिंग करा. त्याला उत्तरं देऊन चिथावू नका, विनवण्याही करू नका.

मूळ फोन जपायला का सांगते? जालना मतदारसंघाच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नुसती प्रत दाखल करायची तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर केलं, तर गोष्ट सोपी होते. चांगली प्रकरणं नुसत्या झेरॉक्स स्क्रीनशॉटपायी लंगडी पडताना मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगतेय.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. महिलांविषयीच्या अशा प्रकरणांत तिथे नाव न सांगता माहिती देण्याचीही सोय आहे. पण माझा सल्ला, नावानिशी पोलीस ठाण्यात जा. कुठल्याही ठाण्यात गेलात तरी 'ही आमची हद्द नाही' म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवता येणारा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार झीरो एफआयआर नोंदवावाच लागतो. नोंद नाकारली, तर तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फोटो पसरू नयेत यासाठी आजच करण्यासारखी एक गोष्ट आहे. 'स्टॉपएनसीआयआय' नावाच्या संकेतस्थळावर तुमच्याकडच्या फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो जुळणारं चित्र अडवतात. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही अशीच वेगळी सेवा आहे. आणि फोटो कुठे दिसलाच, तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लगेच लिहा. अशी चित्रं काढून टाकण्यासाठी नियमांत दिलेली मुदत तासांची आहे, दिवसांची नाही. कुणी तुमचा चेहरा दुसऱ्या शरीरावर चिकटवून बनावट चित्र केलं, तरी हाच मार्ग.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, हा कायद्याचा प्रश्न नाही. तो निर्णय तुमचा. मात्र घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला आज सांगा. या धमकीची सगळी ताकद तुमच्या एकटेपणात आहे.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. एका सदस्याने दुसऱ्या धर्माबद्दल भडक मजकूर फॉरवर्ड केला. 'ॲडमिनलाही आत टाकतात', असं सगळे म्हणताहेत. खरं का?

उत्तर : केवळ ॲडमिन आहात म्हणून, नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. ॲडमिनचा आणि मजकूर टाकणाऱ्याचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना असेल तरच ॲडमिनवर जबाबदारी येते. सदस्य काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही आणि अडवताही येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयही याच निष्कर्षाला आलं.

तरीही हातावर हात ठेवून बसू नका. त्या निकालानंतर ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली आहे. डोळ्यांदेखत भडक मजकूर दिवसेंदिवस राहू दिला, तर उद्या वकील नेमका हाच मुद्दा काढेल. आधी स्क्रीनशॉट, मग संदेश पुसणं, मग ग्रुपवर लेखी ताकीद, या क्रमाने करा.

फॉरवर्ड करणाऱ्या गृहस्थांची स्थिती मात्र वेगळी आहे. 'मी लिहिलं नाही, फक्त पुढे ढकललं', हा बचाव टिकेल, या भरवशावर त्यांनी राहू नये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाठवलेल्या संदेशाला धनुष्यातून सुटलेल्या बाणाची उपमा दिली आणि पाठवणाऱ्याला परिणामांची जबाबदारी घ्यावी लागेल असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानेही त्या प्रकरणात दिलासा दिला नाही.

इथे दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर लोक घाबरून बोलणंच बंद करतील. सरकारवरची टीका म्हणजे द्वेष नव्हे. अनुच्छेद ३७० रद्द झाल्याचा दिवस 'काळा दिवस' ठरवणारं स्टेटस ठेवल्याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर माणसाच्या नजरेने मोजायचा. प्रत्येक गोष्टीत शत्रू शोधणाऱ्याच्या नजरेने नाही, ही त्यामागची कसोटी. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चं (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलच्या कलमाचं) नाव घेऊन कुणी तुम्हाला धमकावलं, तर त्याला सांगा की ते कलम २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरलं. त्याखाली कुणावरही खटला चालवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, इतकं ते कागदोपत्री जिवंत राहिलं होतं.

प्रश्न : एका सहल कंपनीने रद्द झालेल्या सहलीचे पैसे परत केले नाहीत. मी इंटरनेटवर त्यांच्याबद्दल 'हे चोर आहेत, लोकांना लुबाडतात' असा अभिप्राय लिहिला. आता वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत अभिप्राय काढा, माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. पोलीस घरी येतील का?

उत्तर : नाही येणार. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ज्याची बदनामी झाली त्यालाच दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांना तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. हातात आहे ती वकिलाची नोटीस, न्यायालयाचं समन्स नाही. तरी ती फेकून देऊ नका. मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या.

तुमची बाजू भक्कम आहे, पण शब्द कच्चे आहेत. भरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्याच्या जोडीला सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. इतर ग्राहकांना सावध करणं हे ते हित म्हणून मांडता येतं. अडचण 'चोर' या शब्दाची आहे. तुमच्याशी झालेला व्यवहार तुम्ही पावत्यांनी सिद्ध कराल, पण 'लोकांना लुबाडतात' हे कशाने सिद्ध करणार? म्हणून माझा सल्ला, माफी न मागता मजकूर बदला : अमुक तारखेला इतके पैसे भरले, अमुक तारखेला सहल रद्द झाली, तीनदा लेखी मागणी केली, आज अमुक दिवस झाले, पैसे मिळालेले नाहीत. विशेषण एकही नको. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट आपल्याजवळ ठेवा.

आणि नोटिशीच्या गडबडीत मूळ गोष्ट विसरू नका : तुमचे पैसे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मुदत २ वर्षांची आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि वकील लागतोच असंही नाही. अशा नोटिशा पुष्कळदा ग्राहकाने आयोगाकडे जाऊ नये म्हणूनच पाठवल्या जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या फोटोग्राफरने आमचे फोटो न विचारता स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकले. 'फोटो मी काढले, हक्क माझा', असं तो म्हणतो.

उत्तर : करारात तसं लिहिलेलं नसेल, तर तो चूक आहे. सामान्यतः फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. आधी करार किंवा बुकिंगची पावती मागच्या बाजूसकट वाचा. जाहिरातीची परवानगी अनेकदा तिथे एका ओळीत दडलेली असते. ती नसेल, तर त्याला लेखी कळवा आणि इन्स्टाग्रामच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर पावती जोडा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याने माझ्या फोनमध्ये काहीतरी ॲप टाकलंय असा मला दाट संशय आहे. मी कुठे गेले, कुणाशी काय बोलले, हे त्याला शब्दशः माहीत असतं. 'नवरा-बायकोत कसली आलीये प्रायव्हसी?' असं तो म्हणतो.

उत्तर : २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो प्रत्येक व्यक्तीचा आहे, कुटुंबाचा सामाईक नाही. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि त्या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. परवानगीविना उपकरणात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं.

तुमच्या नवऱ्याचा वकील कदाचित जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवेल. जोडीदाराचं चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल, असं त्यात म्हटलं आहे, हे खरं. पण पुरावा ग्राह्य धरणं वेगळं आणि चोवीस तास पाळत ठेवण्याची मुभा देणं वेगळं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ते ॲप घाईने काढू नका. तो मारहाण करत असेल, तर ॲप बंद पडल्याचं कळताच चिडेल. शिवाय पुरावाही जाईल. मदत मागण्यासाठी मैत्रिणीचा किंवा ऑफिसचा फोन वापरा. त्याच दुसऱ्या उपकरणावरून नवं ईमेल खातं उघडा. व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी आणि गुगल खात्यात कुठकुठल्या यंत्रांवर लॉगिन आहे ते बघून घ्या, पण नुसतं बघा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्या कायद्यात मानसिक छळही हिंसाच आहे. राहण्याची सुरक्षित जागा आणि एक विश्वासाचं माणूस ठरलं, की मग फोन तसाच्या तसा पोलिसांकडे द्या.

प्रश्न : माझ्या नावाने, माझाच फोटो लावून कुणीतरी खातं उघडलंय आणि ओळखीच्यांकडे पैसे मागतंय.

उत्तर : खात्याची लिंक जपून ठेवा, नाव बदललं तरी पोलिसांना तिचा माग काढता येतो. मग तोतयेगिरी म्हणून त्या माध्यमाकडे तक्रार करा, मित्रांनाही करायला सांगा. कुणी पैसे पाठवले असतील, तर त्यांनी ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६डी (तोतया बनून फसवणं), दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय २०२३ पासून आहे, पण फार थोड्यांना माहीत आहे.