मुखपृष्ठासाठी फॉइल, एम्बॉसिंग की स्पॉट यूव्ही?

कवितासंग्रहाचं गडद निळं मुखपृष्ठ, त्यावर मॅट लॅमिनेशन (चकाकी नसलेली पातळ प्लास्टिक फिल्म) आणि वर फॉइल (दाबून चिकटवलेला चकचकीत थर), एम्बॉसिंग (कागद दाबून आणलेला उठाव), स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरच लावलेलं पारदर्शक, चकचकीत वार्निश) हे तिन्ही घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही घेऊ नका. शीर्षकाला फॉइल द्या, बाकी पृष्ठ शांत राहू द्या.

स्पॉट यूव्ही गडद मॅटवर सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण ती पारदर्शक चकाकी प्रकाश तिरपा पडला तरच कळते. चित्रातल्या पानांवर, पाण्याच्या लाटांवर ती शोभते. शीर्षक केवळ तिच्या भरवशावर सोडलं तर ते लांबून वाचताच येत नाही. शिवाय लॅमिनेशन नसलेल्या खरखरीत कागदात हे वार्निश मुरून जातं आणि पैसे वाया जातात.

फॉइलला शाई लागत नाही. तापलेला धातूचा ब्लॉक पातळ फिल्मवर दाबला की तिच्यावरचा चकचकीत थर सुटून कागदाला चिकटतो. त्यामुळे गडद रंगावरही सोनेरी अक्षर झाकोळत नाही. मात्र अक्षर जाडसर निवडा. फार नाजूक रेषा तुटतात, आणि देवनागरीत त्याहून मोठी अडचण म्हणजे जोडाक्षरांतल्या, ‘श’ किंवा ‘क्ष’च्या पोटातल्या अरुंद फटी फॉइलने भरून जातात. लहान आकारातलं कवीचं नाव म्हणूनच साध्या छपाईत ठेवा.

एम्बॉसिंगला जाड, लांब तंतूंचा कागद हवा. साधारण ३०० जीएसएमवर (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदावर) उठाव छान येतो. मागच्या बाजूला तेवढाच खळगा पडतो, तेव्हा मुखपृष्ठाच्या आत मजकूर असेल तर आधीच विचार करा. या तंत्राचा मला सर्वांत भावणारा उपयोग सजावटीचा नाहीच: युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार औषधांच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्येही द्यावं लागतं, आणि ते ठिपके सहसा असेच उठवतात.

पुढे कधी तिन्ही एकत्र केलंत तर क्रम साधारण असा: छपाई, लॅमिनेशन, फॉइल, स्पॉट यूव्ही, मग एम्बॉसिंग, आणि शेवटी क्रीझिंग-कटिंग (घडीची खूण पाडणं आणि कापणं). एम्बॉसिंग उशिरा, कारण स्क्रीनने, म्हणजे जाळीतून, वार्निश लावायला कागद सपाट लागतो. घडीवर आणि गोंद लागणाऱ्या पट्टीवर यूव्ही ठेवू नका. घडीवर ते तडकतं आणि पट्टीवर गोंद धरत नाही.

प्रती थोड्या असतील आणि डिजिटल छपाई करणार असाल तर नमुना काढल्याशिवाय होकार देऊ नका. काही यंत्रांत टोनरवर (डिजिटल छपाईच्या भुकटीच्या शाईवर) तेलकट थर राहतो, त्यावरून लॅमिनेशन सुटू लागतं. अशा कामासाठी टोनरलाच चिकटणारं, ब्लॉक न लागणारं फॉइलही मिळतं, तेही विचारून पाहा.

फॉइलचा भाग फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांच्या चित्राऐवजी रेषांच्या आकारांत), शंभर टक्के काळ्या रंगात द्या. गडद मॅटवर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच उठतात, म्हणून ओरखडे न उठणारी मॅट फिल्म मागा.