सांगणाऱ्याचं नाव

प्रिय बेटा,

आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर निकालात काढण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसलो. नाशिकच्या अकादमीतून पीएसआय होऊन आलीस, जुन्या नागपुरातलं ठाणं मिळालं, आणि पीआय साहेबांनी डीबी, म्हणजे चोर-गुन्हेगार शोधणाऱ्या पथकात न घेता बीट (वाटून दिलेल्या भागातली गस्त) आणि मोहल्ला समित्यांचं काम गळ्यात घातलं. ‘काका, मला बाजूला टाकलं का?’ असं तू विचारलंस.

टाकलं असेलही. ठाण्यात या कामाला फारसा मान नाही, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं असेल. डीबीवाला सोनसाखळी चोर धरतो तेव्हा टेबलावर मुद्देमाल मांडून फोटो निघतो. समितीच्या कामात टेबलावर मांडण्यासारखं काही नसतं. तरी मला विचारशील तर नव्या अधिकाऱ्याला याहून चांगली सुरुवात नाही. पुढे नोकरीभर ज्यांच्या साक्षीवर तुझ्या केसेस उभ्या राहायच्या किंवा पडायच्या, ती माणसं इथेच भेटतात.

आधी समितीची यादी मागून घे. जुनीच यादी नवी तारीख टाकून पुढे सरकलेली असते, त्यातले एखाद-दोघे वारलेलेही निघतील. उरलेल्यांत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, ट्रस्टी, एखादा बिल्डर, आणि ज्याचं ठाण्यात कायम काहीतरी अडकलेलं असतं असा एक समाजसेवक. मारबत, गणपती, रामनवमीची शोभायात्रा, असं काही आलं की हॉलमध्ये बैठक. शाल-श्रीफळ, ‘आपलं नागपूर शांतताप्रिय शहर आहे’ हे भाषण, समोसा, चहा, ग्रुप फोटो. बायका असल्याच तर मागच्या रांगेत. फुटपाथवरची भाजीवाली नाही, ई-रिक्षावाला नाही, रात्री अकराला दुकानाचं शटर ओढून एकटा घरी जाणारा नोकर पोरगा नाही. पुढारी मंडळींना दुखवू नकोस, मिरवणुकीच्या दिवशी ती कामाला येतात. पण तीच वस्ती आहे, असं समजू नकोस.

हा फरक भिवंडीत फार आधी कुणीतरी ओळखला होता. 1970 आणि 1984च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. 1988 साली तिथे उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. बड्यांच्या शांतता समितीवर न विसंबता गल्लीतले साधे हिंदू-मुसलमान एकत्र बसवले, आणि या कामात शिपाई-हवालदाराला पुढे केलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याचं श्रेय साहेबांना मिळालं, ते रास्तच. मला मात्र त्यातला शिपाई महत्त्वाचा वाटतो. रात्री बाराला दारावर दगड पडला तर माणूस उपायुक्ताला शोधत बसत नाही, ज्याला नावाने ओळखतो त्यालाच फोन लावतो.

आता आपल्या शहराचं. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने त्यांची वस्ती छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. तू तेव्हा लहान असशील. खटला बरीच वर्षं चालला आणि 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. कुणी याला न्याय म्हणतं. मी म्हणत नाही. कोर्टात जमाव माणूस मारतो तेव्हा आपल्या सगळ्या खात्याची अब्रू जाते. पण त्या बायका वर्षानुवर्षं काय सांगत होत्या ते नीट ऐक: पोलिसात गेलं की कोण आलं होतं ते त्याला कळायचं, आणि मग तो दारात यायचा.

लोकांना पोलीस आवडतात की नाही, हा प्रश्न मागाहून येतो. सांगितल्यावर माझं काय होईल, हा आधी. त्याचं उत्तर वस्तीला एकदा वाईट मिळालं, की तू कितीही बैठका घे, खुर्च्या भरतील आणि तोंडं बंद राहतील.

म्हणून बैठकीच्या आधी तुमचा काउंटर बघ. एखादी बाई तक्रार घेऊन येते. बाकावर सहा जण बसलेले. ठाणे अंमलदार रजिस्टरातून मान वर न करता मोठ्याने विचारतो, ‘बोला बाई, काय झालं?’ त्या सहांत आरोपीचा मेहुणा असू शकतो. तिला आतल्या खोलीत बसवायला खर्च शून्य आहे, फक्त कुणाच्या डोक्यात येत नाही. तू आणून दे. बाईचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात खेटे घालायला लावता येत नाहीत, तिच्या घरी जावं लागतं, हे कायद्यातच आहे. पण घरी जाणं म्हणजे दारात सायरनची गाडी उभी करणं नव्हे. गल्लीतल्या दारूअड्ड्याची कुणी खबर दिली असेल तर त्या घरी सरळ जाऊ नकोस. गल्लीतली सगळी घरं कर. भाडेकरूंची नोंद विचार, म्हाताऱ्यांची चौकशी कर, कुणी पाणी दिलं तर पी. खबर देणाऱ्याच्या दारात जेवढा वेळ, शेजारच्या दारात तेवढाच. दिवेलागणीला गल्ली हिशेब मांडतेच, पोलीसबाई कुणाकडे जास्त थांबली.

दुसरं, ‘गहाळ’. मोबाइल खिशातून मारला तरी अर्जात ‘गहाळ झाला’ लिहून घ्यायचं, म्हणजे ठाण्याचे गुन्ह्यांचे आकडे वाढत नाहीत. सगळीकडे चालतं. तो पोरगा काही बोलत नाही, शिक्का मारलेला कागद घेऊन जातो आणि घरी सांगतो, ‘जाऊन काही फायदा नाही बे.’ पुढे त्याच गल्लीत चाकू निघेल तेव्हा त्याने काहीही पाहिलेलं नसेल. दखलपात्र गुन्हा कळला तर एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी निकालात सांगून झालं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन आहे, मेसेजवर कळवलं तरी चालतं. ते तू नव्वदाव्या दिवसापर्यंत लांबवू नकोस. ‘अजून काही हाती लागलेलं नाही’ हेसुद्धा फोन करून सांग. चोर सापडला नाही म्हणून लोक जितके चिडत नाहीत, तितके कुणी विचारलंच नाही म्हणून चिडतात.

समित्या झाल्या की गुन्हे घटतात, असं तुला कुणी व्याख्यानात सांगेल. मान डोलव, पण विश्वास ठेवू नकोस. अमेरिकेत न्यूआर्क शहरात 1978-79 मध्ये पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीवर ठेवलं. गुन्हे कमी झाले नाहीत, लोकांची भीती मात्र कमी झाली. 2021 मध्ये ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतल्या प्रयोगांचा निकाल आला. तिथे ना गुन्हे घटले, ना पोलिसांवरचा विश्वास वाढला. संशोधकांनी कारणं दिली ती वाचताना मला आपलंच ठाणं दिसलं: वरिष्ठांचं लक्ष टिकत नाही, अधिकारी बदलत राहतात, आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींमागे धावायला ना माणसं ना साधनं. लोकांना बोलवायचं, बोलतं करायचं आणि मग काहीच करायचं नाही, यापेक्षा न बोलावलेलं बरं.

पोलीस मित्रांबद्दल, म्हणजे ठाण्याला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल, सावध राहा. शिट्टी आणि टी-शर्ट मिळाला की काही पोरांना आपण खात्यात लागलो असं वाटायला लागतं. फुटाळा तलावावर बसलेल्या जोडप्यांना ओळखपत्र विचारणं, परप्रांतीय फेरीवाल्याला अडवणं, हे त्यांचं काम नाही आणि तुझ्या नावावर तर मुळीच होऊ देऊ नकोस. गर्दीत दोरी धरणं, हरवलेलं पोर सांभाळणं, दीक्षाभूमीवर आलेल्या म्हाताऱ्यांना रस्ता दाखवणं, एवढ्यापुरते ते सोन्यासारखे. आणि समितीतल्या माणसाला कधी खबरी करू नकोस. खबरी वेगळा असतो, त्याची किंमत वेगळी असते. समितीवाला तुझ्याशी चारचौघांत बोलतो, उद्या गल्लीत धाड पडली की बोट त्याच्याकडेच जाणार.

17 मार्च 2025च्या रात्री आपल्याकडे महाल, हंसापुरीत दंगल उसळली, ते तू पाहिलंसच. अफवा मोबाइलवर पुढे, आपण मागे. अशा रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शांतता राखा’ टाकून काही होत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंची अशी चार-चार माणसं लागतात जी तुझा फोन उचलतील आणि स्वतः खाली उतरून पोरांना घरात ढकलतील. ती त्या रात्री शोधून सापडत नाहीत. एखादीच्या मुलाच्या पासपोर्ट व्हेरिफिकेशनला तू कुणालाही चिरीमिरी घेऊ दिली नाहीस, एखाद्याच्या म्हाताऱ्या बापाला ठाण्यात खुर्ची दिलीस, अशा फुटकळ कामांतून ती जमतात.

आता एक व्यवहाराची गोष्ट. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की तुझे बीट अंमलदार विधानभवन आणि मोर्च्यांच्या बंदोबस्ताला जातील, तूही जाशील. बीट उघडं पडेल. नोव्हेंबरातच पीआय साहेबांकडून निदान एक माणूस वस्तीत ठेवून घे, लेखी मागणी कर. तो कोण, कोणत्या वेळेला भेटेल, हे गल्लीत स्वतः फिरून सांग. आणि तक्रारदारांच्या नावांची वही त्या गडबडीत टेबलावर पडू देऊ नकोस; कपाटाला कुलूप नसेल तर सीताबर्डीहून घेऊन ये, बिलाची वाट पाहू नकोस.

तुझा,
काका