‘नमुना’ म्हणजे नक्कल नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, संग्रहालयातल्या बरणीतला मासा खराखुरा असताना त्याच्या चिठ्ठीवर ‘नमुना’ असे का लिहितात, नमुना म्हणजे नक्कल ना, आणि मेलेले मासे जपून ठेवायचेच कशाला?

नमुना म्हणजे नक्कल, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. वाणी नमुन्यादाखल हातावर ठेवतो ते तांदूळ खरेच असतात. (‘नमूना’ असा हिंदी वळणाचा दीर्घ ‘मू’ लिहिणे हा निराळा अपराध.) ‘काय नमुना आहे!’ हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा तो सोडू. मूळ फारसी क्रियापद ‘नमूदन’, म्हणजे दाखवणे. आपले ‘नमूद करणे’ आणि हैदराबादची ‘नुमाइश’ (तिथले वार्षिक प्रदर्शन) त्याच घरातली. खरी मौज मात्र त्याच्याही मागे आहे. ‘नमूदन’मध्ये ‘नि’ हा उपसर्ग आणि मोजणे या अर्थाचा प्राचीन इराणी धातू ‘मा’ आहे, जो संस्कृत ‘मा’चा सख्खा भाऊ, म्हणूनच ‘फर्मान’ आणि आपले ‘प्रमाण’ हे शब्दही एकमेकांचे भाऊ ठरतात. नमुना परका म्हणून हाकलून ‘प्रतिदर्श’ रुजवू पाहणाऱ्या पंडितांनी हे कूळ एकदा तपासले असते, तर बरे झाले असते.

बरणीतला मासाही मापच असतो. फॉर्मलीनमध्ये मुरवून मग अल्कोहोलात ठेवल्यावर त्याचा रंग उडतो, पण परांतले (पोहायच्या पंखांतले) काटे आणि अंगावरचे खवले पुढच्या पिढीलाही मोजता येतात. ज्या माशावरून जातीचे नाव ठरले, त्या मूळ नमुन्याशीच शंकास्पद मासा ताडून पाहतात. डिसेंबर 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथील संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर यांना ट्रॉलरच्या मासळीत सुमारे दीड मीटरचा निळसर सीलाकँथ नावाचा मासा दिसला. त्याचे कूळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले, असे तोवर मानले जात होते. पुरेसे फॉर्मलीन न मिळाल्याने आतले अवयव टाकून कातडे भरून ठेवावे लागले. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी 1939 मध्ये त्याला ‘लॅटिमेरिया’ हे नाव दिले, पण आतली रचना पाहण्यासाठी दुसरा मासा मिळेपर्यंत 1952 साल उजाडले. ते भरलेले कातडे त्याच संग्रहालयात आहे आणि त्या जातीचा मूळ नमुना तेच.