उचल कुठं टाकाची?

किराणा दुकानदारांसाठी उधारीचं ॲप करतोयस, दोन महिन्यांत 'पूर्ण' झालं की नागपूरच्या इतवारी बाजारात दाखवून फीडबॅक घेणार, असं लिहिलंयस. वाचून पोटात गोळाच आला. मीही हेच केलं होतं, फक्त माझे गिऱ्हाईक नागपूरच्याच कळमना बाजारातले संत्र्याचे अडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे दलाल, होते.

आठ महिने खपून हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला विकल्या मालाचा हिशोब देणाऱ्या पावतीचं, सॉफ्टवेअर केलं. तेव्हा आम्ही नव्या धंद्यांना जागा-सल्ला देणाऱ्या एका इन्क्युबेशन सेंटरमध्ये बसायचो, नाव घेत नाही. तिथल्या साहेबांचा हट्ट, आधी दोनशे गूगल फॉर्म भरून आणा. आणले. बहुतेकांनी 'हो, वापरू' वर टिक केली. भरणारे कोण? कॉलेजचे मित्र, त्यांचे काका आणि चहा पाजला म्हणून हो म्हणणारे दोन-चार अडते. पीपीटीत पाय चार्ट मात्र झकास दिसला.

मग आंबिया बहाराची संत्री येतात त्या ऐन गर्दीत एका गाळ्यावर लॅपटॉप मांडला. मुनीमजींनी पहिली पट्टी टाकली. हमाली, तोलाई, सगळं जमलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अन् उचल कुठं टाकाची, बाबू?"

शेतकऱ्यानं हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पट्टीतून वळती होते, हे तिथल्या हमालालाही माहीत. आमच्याकडे तिला रकानाच नव्हता. वर शेतकऱ्याचा मोबाइल नंबर सक्तीचा केलेला, तर मुनीमजी प्रत्येकापुढे दहा वेळा नऊ ठोकत होते. दुपारी कार्बनवालं पॅड परत बाहेर आलं. फॉर्मात उचलीबद्दल कसं विचारणार? तो शब्दच मला ठाऊक नव्हता.

म्हणून म्हणतो, उद्याच जा बे. कागदावर काढलेले स्क्रीनही चालतात. "वापराल का?" विचारू नको, मागची उधारी कशी वसूल केली, ते विचार आणि गप्प बस. वेबसाइट-सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं, याचे अभ्यासक जेकब नीलसन यांचा २००० सालचा हिशोब आहे की पाच जणांना वापरताना पाहिलं तर वापरातल्या ८५ टक्के अडचणी दिसतात. पण तो अडचणींपुरताच. पैसे देतील का, हे पैसे मागितल्यावरच कळतं. शंभर रुपये का होईना, माग.

माझा अनुभव बाजारातला, हॉस्पिटल-शाळांचं मला विचारू नको. आणि हो, उधारीच्या वहीचा फोटो न विचारता काढू नको. एका शेटजींनी मला त्यापायी गाळ्याबाहेर काढलं होतं.