टीबीबरोबर आणखी एक गोळी वाढली, म्हणजे एचआयव्ही बळावला का?

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, टीबीचा कोर्स सुरू झालेल्या बहुतेकांच्या मनात पहिल्या महिन्यात एकच शंका येते: "एचआयव्हीची रोज एक गोळी होती, आता दोन झाल्या. म्हणजे आजार वाढला ना?" काहीजण तसं विचारतात. बरेचजण विचारत नाहीत, मनाशीच उत्तर ठरवतात आणि जादा गोळी बाजूला ठेवून देतात. पुढचा अनुभव अशाच एका न विचारलेल्या शंकेचा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भोसरी एमआयडीसीत कामाला असलेले एक गृहस्थ, वय चाळिशीचं. बरीच वर्षं एआरटीवर. रात्री 9 वाजता टीएलडीची एक गोळी, म्हणजे टेनोफोविर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम. चुकवाचुकवी नाही, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात. गोळ्या न्यायला आले की सेंटरवर चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "खोकला नाही, मॅडम." खोकला खरंच नव्हता. पण मानेच्या उजव्या बाजूला गाठ आली होती, संध्याकाळी कणकण असायची आणि वजन 52 किलोवरून 47 वर उतरलं होतं. गाठ दाढेमुळे आली असेल म्हणून मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकवर त्यांनी दिवस काढले. शेवटी गाठीत सुई घालून काढलेला नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला गेला. टीबी निघाला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

दोन आठवड्यांचा खोकला हवा, हा हिशोब एचआयव्ही असलेल्यांना लागू नाही. चारांपैकी एकही लक्षण, मग ते कितीही दिवसांचं असो, तपासणीला पुरेसं आहे. व्हायरल लोड आटोक्यात असला तरी टीबी होऊ शकतो. एआरटीने त्याची शक्यता बरीच घटते, पण संपत नाही. "गोळ्या नीट घेतो, मला कसा होईल" या भरवशावरच निदानाला उशीर होतो.

47 किलो वजनाला टीबीच्या रोज 3 गोळ्या बसतात. पहिले 2 महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, पुढचे 4 महिने तीन औषधांची. या गोळ्या एआरटी सेंटरवरच मिळतात, दोन ठिकाणी रांग लावावी लागत नाही. त्यांच्यासोबत एक वेगळी बाटली मिळाली: नुसतं डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, सकाळी 9 वाजता घ्यायचं. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, हे सांगितलं होतं. जादा गोळी कशासाठी, हेही सांगितलं होतं. पण ज्या दिवशी टीबीचं निदान कळतं त्या दिवशी सांगितलेलं किती डोक्यात राहतं, हा प्रश्नच आहे.

महिन्याने गोळ्या मोजल्या. टीबीच्या स्ट्रिप हिशोबाला बरोबर. टीएलडीची बाटली रिकामी. जादा गोळीच्या बाटलीचं सील फोडलेलं, आतली सुकी ठेवणारी पुडी जागेवर, आणि 30 पैकी 21 गोळ्या तशाच.

"दादा, ही का राहिली?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "आधी एकीने भागत होतं. आता दोन दिल्या. रोग वाढलाय, तुम्ही तोंडावर सांगत नाही एवढंच." थोड्या वेळाने दुसरंही बाहेर आलं. "शिवाय सकाळी 9 ला मी कंपनीत असतो. चारजणांत कुठे काढू? मग काही दिवस रात्रीच दोन्ही एकदम घेतल्या. नंतर तेही सोडलं."

पहिल्या शंकेचं उत्तर त्यांच्याच पुस्तिकेत होतं. व्हायरल लोडचा आकडा त्यांच्यासमोर ठेवला. एचआयव्ही वाढला म्हणून ही गोळी दिलेली नव्हती. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि डोल्युटेग्राविर शरीरातून नेहमीपेक्षा फार लवकर निघून जातं. टाकीला खालून गळती लागली की दिवसातून एकदा भरून पुरत नाही, दोनदा भरावी लागते. एकदम दुप्पट पाणी ओतलं तर वरून वाहून जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी पुन्हा तळाला. म्हणून दोन गोळ्यांत 12 तासांचं अंतर. रात्री दोन्ही एकदम घेणं ही सोय वाटते, पण उपयोग नाही. औषधाची पातळी रोज काही तास खाली राहिली तर विषाणूला त्या औषधाला न जुमानण्याची सवय लागते, आणि एका गोळीवर आटोक्यात असलेला आजार हातातून जातो.

त्यावर त्यांनी विचारलं, आणि प्रश्न शहाणपणाचा होता: "मग टीएलडीच दोनदा घेतो. वेगळी बाटली तरी वाचेल." नाही. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिनचे दोन डोस लागत नाहीत आणि जादा टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर पडतो. कमी पडतं ते फक्त डोल्युटेग्राविर, म्हणून तेवढंच वेगळं देतात. रिफाम्पिसिनच काढून टाका, असंही काही लोक म्हणतात. सहा महिन्यांत टीबी बरा होतो तो त्याच औषधाच्या जोरावर, त्यामुळे ते सुटत नाही. सेकंड लाइनवर, म्हणजे रिटोनाविर असलेल्या गोळ्यांवर जे आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. म्हणूनच रांगेतल्या शेजाऱ्याच्या गोळ्या बघून आपल्या ठरवू नयेत.

खरी अडचण शिफ्टची होती. फर्स्ट 7 ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते 12, नाइट 12 ते 7, दर आठवड्याला बदल. तिन्ही शिफ्टमध्ये दोन्ही वेळा घरीच गाठतील अशी 12 तासांची जोडी निघत नाही. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा 9 आणि 9 सगळ्यात सोपं निघालं. नाइटला दोन्ही डोस घरी. फर्स्टला सकाळची गोळी नाश्त्याच्या सुट्टीत, सेकंडला रात्रीची जेवणाच्या सुट्टीत. तास-दीड तास मागेपुढे झालं तरी चालतं. म्हणजे कंपनीत कधीही न्यायची ती एकच गोळी. बाटली न्यायची नाही, तिच्यावर नाव असतं. रोजची एक गोळी छोट्या कोरड्या डबीत, बाकीच्या मूळ बाटलीत पुडीसकट. टीबीच्या तीन गोळ्या झोपून उठल्यावर उपाशीपोटी घरीच. विसरलं तर आठवताक्षणी घ्यायची. मात्र पुढच्या डोल्युटेग्राविरला 4 तासांहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यायची, जोडीने नाही.

"कोणी विचारलं तर ॲसिडिटीची म्हणेन," असं ते म्हणाले आणि त्यातून आणखी एक गोष्ट कळली. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध ते खरंच घेत होते, सकाळच्या नाश्त्यानंतर लगेच. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राविर पोटातच अडकतं, रक्तात पोचत नाही. गोळी अशा औषधाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी लागते. 9 आणि 9 च्या वेळापत्रकात ॲसिडिटीच्या औषधासाठी दिवसा सकाळी 11 ते दुपारी 3 एवढीच जागा उरते. त्यांना डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल लिहून दिलं, ते आड येत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही अशाच अडवतात, आणि त्या घराघरात असतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोल्युटेग्राविरबरोबर त्याचा डोस तपासावा लागतो.

घरी टीबी विभागाचा माणूस येईल, सोसायटीत बोभाटा होईल, ही भीती त्यांनी सगळ्यात शेवटी काढली. टीबीची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर होते आणि घरच्यांची टीबीसाठी विचारपूस होते हे खरं. पण एचआयव्हीबद्दल तुमच्या संमतीशिवाय इतरांना सांगायला, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. छाती स्वच्छ असताना नुसता गाठीचा टीबी खोकल्या-बोलण्यातून पसरत नाही, म्हणून भांडी वेगळी करायची गरज नव्हती. ती त्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळी केली होती. पोषणाचे पैसे महिन्याला 1000 रुपये या हिशोबाने (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते) थेट खात्यात येतात. आधारशी जोडलेलं खातं नसेल तर तेही अडू शकतात.

पुढच्या महिन्यापासून तिन्ही हिशोब जुळले. व्हायरल लोडची पुढची तपासणीही आटोक्यातच आली. मधे सुटलेल्या डोसांचं नशीब म्हणायचं, कारण सगळ्यांच्या बाबतीत तसं होत नाही.

कोर्स संपतानाही घोळ होतो. टीबीच्या गोळ्या संपल्या की त्याच दिवशी लोक जादा गोळीही बंद करतात. रिफाम्पिसिन थांबलं तरी यकृताचा वेग लगेच उतरत नाही, म्हणून जादा डोल्युटेग्राविर आणखी 2 आठवडे चालू ठेवायचं. टीबीची शेवटची गोळी 14 मार्चला, तर ही 28 मार्चपर्यंत. कोर्स डॉक्टरांनी लांबवला तर ही तारीखही तेवढीच पुढे जाते. त्यांच्या पुस्तिकेत दोन्ही तारखा लिहिल्या आणि शेवटच्या महिन्यात 14 गोळ्या वेगळ्या मोजून दिल्या. त्या संपल्यावर रात्रीची टीएलडी, पूर्वीसारखी.